थंड इंजिन खोटं बोलत नाही

सिन्नरमध्ये जुनी डिझेल गाडी बघायला गेलं की प्रश्न ठरलेले असतात. किती चाललीय? अ‍ॅव्हरेज काय देते? कितवा मालक? टायर कधी टाकले? इंजिनिअर आहे म्हणजे गाडीतलं कळत असणार, या समजुतीनं नातेवाईक हे प्रश्न माझ्याकडेही आणतात. मी दिवसभर कोड लिहितो, हा त्यांच्या दृष्टीनं किरकोळ तपशील. पण या यादीत एक प्रश्न सहसा नसतो. रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली ही गाडी डिसेंबरातल्या पहाटे साडेपाचला कशी चालू होते?

डिझेल इंजिनाचा इतिहास बघितला तर पहिला प्रश्न हाच हवा. आपली थंडी काश्मीरची नाही, पण अगदी साधीही नाही. शेजारच्या निफाडचा पारा २०१८च्या डिसेंबरअखेर दोन अंशांच्या आसपास उतरला होता. एमआयडीसीत पहिली पाळी करणाऱ्यासाठी दोन-अडीच लाखांची जुनी गाडी म्हणजे कित्येक वर्षांची शिल्लक असते. रात्री घरात कुणाला बरं नसलं, तर नाशिकच्या दवाखान्यापर्यंतचे तीसेक किलोमीटर याच गाडीनं जायचं असतं. ती तेव्हा चालू झाली नाही, तर अ‍ॅव्हरेजचं काय करायचं?

मुळात डिझेल आणि थंडीचं वैर जन्मापासूनचं. पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी असते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं ती काढूनच टाकली. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल, ही त्याची कल्पना. १८९३मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८९७मध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचं इंजिन नीट चाललं. त्यानं इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामाला लावली. वाफेची इंजिनं तेव्हा याच्या खूप मागं होती.

पण दाबलेल्या हवेची उष्णता थंड लोखंडानं शोषून घेतली, तर इंधन पेटणार कसं? मोठ्या, एकाच जागी चालणाऱ्या इंजिनात हे निभावून जायचं. मोटारीसाठी इंजिन लहान करायला घेतलं, तसा प्रश्न वाढला. शिवाय लहान इंजिनात इंधन आधी एका छोट्या कप्प्यात पेटवायची पद्धत आली. त्यानं इंजिन मऊ चालायचं, पण कप्प्याच्या भिंती हवेची आणखी उष्णता खायच्या. म्हणून त्या कप्प्यात विजेवर तापणारी कांडी बसवली. तोच आपला हीटर प्लग. १९३६मध्ये आलेली मर्सिडीज २६० डी ही कारखान्यात नियमित उत्पादन झालेल्या पहिल्या डिझेल मोटारींपैकी. तिच्या चालकाला आधी कांडी तापायची वाट बघावी लागे, मग सेल्फ. आजही डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखं पिवळं चिन्ह उजळतं, ते याच वाट बघण्याची आठवण आहे.

या गोष्टीतला मोठा भाग आपल्याच जिल्ह्यात घडला. नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव पडलं, ती मायको म्हणजे आताची बॉश. तिच्या नाशिकच्या कारखान्यात गेली पन्नासएक वर्षं डिझेलची नोझल आणि इंजेक्टर बनतात. महिंद्रानं फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन परवाना घेऊन आपल्या जीपना बसवलं आणि इगतपुरीला इंजिनांचा कारखाना चालवला. ते प्यूजो इंजिन कप्प्याचंच होतं, म्हणजे थंडीत हीटरवर अवलंबून. हीटर गेलेली जीप रात्री उतारावर लावून ठेवायची, म्हणजे सकाळी ढकलता येते, हे शहाणपण त्या काळातलं.

३० डिसेंबर १९९८ला टाटांची इंडिका आली आणि डिझेल गाडी मध्यमवर्गाच्या अंगणात पोचली. तिचं १४०५ सीसीचं इंजिनही कप्प्याचंच. खरा बदल कॉमन रेलनं केला. यात हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त दाबानं डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं आणि ते कधी, किती सोडायचं हे संगणक ठरवतो. फवारा इतका बारीक की थंड इंजिनातही तो लवकर पेटतो. २००७मध्ये डिझेल स्विफ्टमधून आलेलं फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन याच जातीचं. पुढं ते इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले.

मग किमतींचा खेळ झाला. २०१०मध्ये पेट्रोलचे दर सरकारनं मोकळे केले, डिझेलचे मात्र २०१४च्या ऑक्टोबरपर्यंत पूर्ण मोकळे झाले नाहीत. २०१२मध्ये दोन्हींतलं अंतर लिटरमागं तीस रुपयांच्या आसपास गेलं आणि लोक डिझेलकडं धावले. आज जुन्या बाजारात उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्या त्याच लाटेतल्या. त्यात दिल्लीची भर पडली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५मध्ये तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये ती कायम ठेवली, आणि तिथल्या कितीतरी गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. एप्रिल २०२०ला बीएस-६ लागू झालं, तेव्हा मारुतीनं डिझेल बंदच केलं. म्हणजे चांगल्या जुन्या डिझेल गाड्यांचा साठा आता वाढणार नाही, फक्त म्हातारा होणार.

संगणकाच्या हाती इंजिन गेल्यावर थंडीशी लबाडीही करता येऊ लागली. २०१५मध्ये फोक्सवॅगनचं सॉफ्टवेअर चाचणीच्या वेळीच धूर कमी करतं, हे उघड झालं. त्यानंतर दिलेल्या नव्या सॉफ्टवेअरमध्येही धूर कमी करणारी यंत्रणा १५ ते ३३ अंशांच्या दरम्यानच पूर्ण काम करायची. जर्मनीत १५ अंशांच्या खालचे दिवस किती असतात, याचा विचार करा. युरोपीय न्यायालयानं जुलै २०२२मध्ये हे बेकायदा ठरवलं. सॉफ्टवेअरला खोटं शिकवता येतं. झिजलेल्या पिस्टन रिंगांना नाही.

इंधनाची बाजूही बघू. डिझेलमध्ये मेण असतं. फार थंडीत ते गोठून फिल्टर बंद करतं. लडाखमध्ये पूर्वी त्यामुळं हिवाळ्यात गाड्या अडायच्या. नोव्हेंबर २०१९पासून इंडियन ऑइलनं तिथं उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल द्यायला सुरुवात केली. हिवाळ्यात लेहला जायचं असेल तर इथून टाकी भरून नेण्यात शहाणपण नाही, तिथलंच डिझेल भरा. सिन्नरच्या पाच-सहा अंशांत मात्र सहसा डिझेलचा दोष नसतो. दोष असतो बॅटरी, हीटर, नोझल नाहीतर कॉम्प्रेशनचा.

आणि हे चारही एकाच वेळी तपासता येतात. गाडी बघायला सकाळी लवकर जा, आणि आधी चालू करू नका असं मालकाला सांगून ठेवा. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी परत या. किल्ली फिरवून पिवळं चिन्ह विझू द्या, मग सेल्फ मारा. दोन-तीन सेकंदांत इंजिन पकडलं आणि थोडा पांढरा धूर येऊन विरला, तर ठीक. सेल्फ रडत राहिला तर बॅटरी बघा. इंजिन अडखळत, एकेक सिलिंडर जोडत चालू झालं, पण तापल्यावर गुळगुळीत झालं, तर हीटर गेलेले असू शकतात. ते खर्चाचं नाही, भाव करायला उपयोगी पडतं. पांढरा धूर थांबतच नसेल तर नोझल तपासून घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडलं आणि आतून जोरात धूर उसळला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे. मग गाडी कितीही चकचकीत असो, चहा पिऊन निघा.

बीएस-६ डिझेल घेत असाल तर एवढंच बघा की तुमचं जाणं-येणं लांबचं आहे का. तिच्यातला काजळी अडवणारा फिल्टर साफ व्हायला इंजिन तापून बराच वेळ चालावं लागतं. रोज सिन्नर ते नाशिक असेल तर चालेल. घर ते मुसळगाव एवढंच असेल, तर पेट्रोल गाडी बघा.