गाळात वसलेलं पक्ष्यांचं गाव

परवा भल्या पहाटे निफाड तालुक्यात, चापडगावच्या मनोऱ्यावर उभा होतो. समोर नांदूर मध्यमेश्वर. वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, चक्रवाक... मोजता मोजता चहा गार झाला!

पण गंमत ऐका. ही पाणथळ माणसामुळे झालीय. इंग्रजांच्या काळात गोदावरी-कादवा संगमावर शेतीसाठी बंधारा बांधला. पुरासोबत गाळ येत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. मागोमाग पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ.

पेच इथंच आहे. गाळ साठला की शेतकऱ्याचं पाणी घटतं. सरसकट उपसला तर पक्ष्यांचं घर जातं. दोघंही एकाच बंधाऱ्यावर जगतात. मनोऱ्यावरून उतरताना मला एकाची बाजू घेता येईना. तुम्ही कुणाची घ्याल?