तोरण कुणाच्या हातचे? तुळजापूर परिसरातील शारदीय ओटा-सजावटीचा शोध

भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानी मंचकी निद्रेला जाते ती थेट अमावास्येपर्यंत. देवी निजते आणि गावातल्या बायकांची झोप उडते, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. कारण याच आठवड्यात घराघरांतून ‘दसरा काढला’ जातो. वाकळा, गोधड्या, घोंगड्या ओढ्यावर नाही तर विहिरीवर जातात, उतरंडीची मडकी अंगणात येतात, भिंतींना पोतेरे बसते. घट बसण्यापूर्वी ओटा, उंबरा आणि चौकट तयार हवी. पुढे दसरा, कोजागरी आणि दिवाळी अशी सजावट चढत जाते ती पाडव्यापर्यंत.

या दारच्या सजावटीचा इतिहास लिहावा असे मनात येऊन आता बरीच वर्षे झाली. राजवाडे आणि देवळे यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ओट्यावर लिहायला कोणी बसत नाही, कारण ओट्यावरचे काहीच टिकत नाही. रांगोळी संध्याकाळी पुसली जाते, तोरण वाळते, सारवण पंधरा दिवसांत उडते. म्हणून पुरावा आडवाटेने गोळा करावा लागतो.

सर्वांत जुना लिखित धागा जवळच सापडतो. नळदुर्ग-उमरगा ओलांडून पुढे गेले की बसवकल्याण लागते. तीच कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात चित्रांचे प्रकार सांगताना ‘धूलिचित्र’ असा एक प्रकार येतो, म्हणजे रंगीत चूर्णाने काढलेले चित्र. रांगोळीचा हा पूर्वज आपल्याच मुलुखातल्या दरबारी ग्रंथात नोंदला गेला याचा मला आनंद होतो. पण एक सावधगिरी हवी. राजाने प्रकार नोंदवला म्हणून तो राजाने काढला असे होत नाही. दरबारात पोचण्याआधी तो कुणाच्या तरी अंगणात असणारच.

दाराच्या नक्षीसाठी तेरला जावे. सातवाहनकाळात ‘तगर’ म्हणून ओळखले जाणारे हे गाव ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात व्यापारी पेठ म्हणून येते. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पांढरीतून निघणाऱ्या मातीच्या मूर्ती, मणी, भांडी जमवली. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरमध्ये आहे. माझ्यासारख्या हौशी माणसाला हे संग्रहालय मोठा धीर देते. तिथे उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट ठेवलेली आहे. मी तिच्यासमोर प्रत्येक वेळी जरा जास्तच रेंगाळतो. दाराची चौकट सजलेली असावी ही हौस या मातीत किती जुनी आहे, ते तिथे दिसते. देवाला लाकूड कोरून मिळाले, माणसांनी पाने-फुले बांधून भागवले, एवढाच फरक.

आता ओट्याकडे येऊ. मराठवाड्यात गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचे माळवद, असे आमचे जुने घर. चार महिन्यांच्या पावसाने अशा घराचे पोट सुटते. भिंतीचे पोपडे निघतात, ओट्याची कड ढासळते, माळवदावर गवत उगवते. आश्विनात ऊन पडले की आधी बुजवाबुजव, मग शेण-मातीचे लिंपण, त्यावर पांढऱ्या मातीचे पोतेरे आणि खालच्या अंगाला काव. पांढऱ्या भिंतीला तांबडी किनार शोभते हे खरे, पण ओट्याच्या कडेला पाऊल पडते, पाणी उडते, माती लागते. तिथे पांढरे टिकत नाही म्हणून तांबडे. माझे मत असे झाले आहे की आपण जिला सजावट म्हणतो ती मुळात डागडुजी. सण तिच्या शेवटी येतो.

साहित्यही रानातले. घटाच्या माळेला कारळाची पिवळी फुले किंवा तरवडाची. कारळ शेताच्या कडेला, तरवड माळावर, दोन्ही फुकट. दसऱ्याला झेंडू आणि आंब्याचे डहाळे. दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात, पाडव्याला शेणाचेच पांडव. गवळणींच्या डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या, शेजारी शेणाचाच गोठा, जाते, उखळ. लहानपणी मला त्या बाहुल्या वाटत. आता वाटते की आजीच्या बोटांना मूर्तिकार म्हणवून घेण्याची ही एकच संधी वर्षभरात मिळत होती. रांगोळीला शिरगोळ्याचा दगड कुटून वस्त्रगाळ करीत. कोकणात त्याच कामाला भाताच्या तुसाची राख वापरतात. आमच्याकडे भातच नाही तर तूस कुठले!

तुळजापुरात कवडीचे महत्त्व वेगळे. देवीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते आणि पूजेकडच्या घरांत चौकटीला कवड्यांचे तोरणही दिसते. समुद्र इथून शेकडो कोस. या कवड्या मालदीव बेटांवरून जहाजांनी बंदरांत आणि तिथून बैलांच्या पाठीवर देशावर येत. एकोणिसाव्या शतकापर्यंत त्या बाजारात चिल्लर म्हणून चालत. ‘कवडीमोल’ हा शब्द त्याचीच खूण आहे. म्हणजे कवड्यांचे तोरण बांधणे हे एकेकाळी दाराला नाणी टांगण्यासारखेच होते. आकाशकंदिलाचेही असेच. कार्तिकातला आकाशदीप जुना, पण ‘कंदील’ हा शब्द अरबीतून आलेला, आणि अरबीत तो लॅटिन ‘कँडेला’वरून गेलेला. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यांचा घरगुती कंदील करताना आपण इतक्या दूरचे नाव उच्चारतो, हे शाळेत कोणी सांगितले नव्हते.

तुळजापूरच्या ओट्यांना आणखी एक काम होते. पुजाऱ्यांच्या घरी यात्रेकरू उतरत. कोजागरीला सोलापूरकडून माणसांची रीघ चालत येते, ती रात्री ओट्यावरच आडवी होई. त्यामुळे इथला ओटा सजवणे म्हणजे परक्या माणसाचे अंथरूण तयार करणेही होते.

पण परके म्हणजे कोण, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

घट आणि पणत्या कुंभाराकडून येत. लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी ‘लक्ष्मी’ म्हणून पुजली जाते ती शिंदीच्या पानांची, मातंग समाजातील माणसांनी बांधलेली. दोरखंड त्यांचे, अंबाडीचा वाख त्यांनी वळलेला. सणाचे तोरण आणून देणेही गावगाड्यात त्यांच्याकडेच असे, आणि बदल्यात बलुते. मी सहा-सात वर्षांचा असताना आमच्या मूळ गावी पाहिलेले दसऱ्याचे दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. एक म्हातारे गृहस्थ आंब्याच्या पानांचे लांबलचक तोरण घेऊन आले. त्यांनी ते ओट्याच्या खालच्या पायरीवर ठेवले आणि चार पावले मागे सरले. चुलत्यांनी त्यावर पाणी शिंपडले, मग उचलून चौकटीला बांधले. आजीने वरून सुपातले जोंधळे त्यांच्या धोतराच्या ओच्यात टाकले. ज्याच्या हातचे तोरण, त्याला ते बांधलेले दार लांबूनच पाहावे लागे.

या व्यवस्थेविरुद्धचा आवाज याच जिल्ह्यातून उठला होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली, आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. वतनाच्या नावाखाली चालणारी राबणूक हा तिचा विषय. ओटा-सजावटीच्या इतिहासात या परिषदेचे नाव कशाला, असे एका अभ्यासू मित्राने विचारले. मला ते अपरिहार्य वाटते.

घरेच बदलली ती ३० सप्टेंबर १९९३ नंतर. गणेश विसर्जनाची रात्र सरून पहाटे भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. ज्या माळवदाचे आणि जाड भिंतींचे मी वर कौतुक केले त्यांनीच झोपेतल्या माणसांना गाडले, हे लिहिल्याशिवाय ते कौतुक खोटे ठरेल. त्या वर्षी त्या गावांत कोणी दसरा काढला नाही. पुढे नवी गावठाणे वसली, सरळ रस्ते, आखीव प्लॉट, सिमेंटची घरे. त्यांना ओटा नव्हता. काही वर्षांनी तिकडे गेलो तर बऱ्याच दारांपुढे लोकांनी स्वतः फरशीचे तुकडे जोडून ओटे बांधलेले होते, आणि कडेला तांबडा ऑइलपेंट. सिमेंटला कावेची गरज नव्हती, तरी किनार तांबडीच.

आज तुळजापूरच्या बाजारात प्लास्टिकची तोरणे आणि रांगोळीचे स्टिकर ढिगाने मिळतात. हाताची कला बुडाली म्हणून हळहळणारे लेख दरवर्षी वाचतो. गवळणींसाठी मीही हळहळतो. तोरणासाठी नाही. दुकानातले तोरण विकत घेऊन कोणीही आपल्या दाराला आपल्या हाताने बांधतो, त्यावर पाणी शिंपडत नाही.

गेल्या वर्षी या लेखासाठी काकूंकडे बसलो होतो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. पोतेऱ्याची माती कुठून आणायची, गवळणी किती मांडायच्या, सगळे तोंडपाठ. तोरणाचे विचारले तर म्हणाल्या, “तोरण होय? आपल्याच घरचं असायचं की रे.” मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांची आठवण करून दिली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “हां, येत हुते खरं.” नाव विचारले. काकूंना त्या काळच्या दावणीच्या चारही बैलांची नावे आठवली. त्यांचे नाव आठवले नाही.