ऊर्ध्व पचनमार्गातील रक्तस्राव

अन्ननलिका, जठर किंवा ग्रहणी (लहान आतड्याचा सुमारे 25 सेंमी. लांबीचा आरंभीचा भाग) यांतून होणारा रक्तस्राव. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच ही मुख्य लक्षणे; अशा वेळी रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये. सर्वाधिक आढळणारे कारण व्रण (अल्सर). तो तिखटाने होतो हा समज अजून घरोघरी टिकून आहे; प्रत्यक्षात बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. हे दाखवण्यासाठी ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये हा जीवाणू स्वतः पिऊन जठरशोथ ओढवून घेतला. रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना 2005 चे नोबेल मिळाले. यकृत-सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटूनही रक्तस्राव होतो. हा स्राव अधिक घातक. उपचारात प्रथम सलाईन व गरजेनुसार रक्त देतात. मग साधारणतः 24 तासांच्या आत दुर्बिणीद्वारे व्रणाला क्लिप किंवा शिरांना रबरी कडी लावतात.