दादाचा ‘क’

कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० हा घरगुती संगणक १९८७ साली निघाला. दादाने त्यावर एकेक ठिपका मांडून देवनागरी अक्षरे काढली होती. तो गेल्यानंतर एकदा मी त्याची फ्लॉपी लावली. पडद्यावर उमटला तो रोमन टोपाझ! अक्षरे नासली, असेच मी धरून चाललो.

टोपाझ हा अमिगाच्या रॉममध्येच बसवलेला फॉन्ट. हवा तो सापडला नाही, की बहुतेक प्रोग्रॅम त्याच्यावर भागवतात. आणि शोध होतो तो, ज्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू झाले तिच्यावरच्या ‘फॉन्ट्स’ कप्प्यात. दादाची अक्षरे तर दुसऱ्याच फ्लॉपीवर! तिचा पत्ता सांगणारी ‘असाइन’ची ओळ मी ‘स्टार्टअप-सिक्वेन्स’ फायलीत घातली. फॉन्टचे नाव दिसले, पण आकार एकच, बारीक. मोठा, त्याने शेवटी काढलेला, गायब.

तो कप्प्यात होता, ‘.फॉन्ट’ या शेपटीच्या नोंदवहीत नव्हता. छापखान्यात खिळे असावेत आणि जुळाऱ्याच्या यादीत नसावेत, तसे. (नोंदी ठेवण्याचा कंटाळा ही आमच्या घरची जुनीच खोड.) ‘फिक्सफॉन्ट्स’ ही आज्ञा कप्पा चाळून नोंद नव्याने करते. ती दिली. फ्लॉपी थोडी कुरकुरली, आणि दंड किंचित लांब ठेवलेला, खास दादाचा ‘क’ पडद्यावर उभा राहिला.