एस्प्रेसो यंत्राचा इतिहास आणि घरगुती वापरातील सुरक्षितता : नागझिरा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

नागझिऱ्याचे अरण्य आणि भाताच्या गिरण्या या दोन गोष्टींनी गोंदिया जिल्ह्याची ओळख घडली आहे. नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले व २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. या परिसराला वाफेच्या शक्तीचा परिचय १८८० नंतरच्या काही वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वेने करून दिला. पुढे उसना तांदूळ तयार करणाऱ्या गिरण्यांतून बाष्पक (बॉयलर) येथे स्थिरावला. आज तीच वाफ कॉफीच्या यंत्राच्या रूपाने लग्नमंडपात आणि स्वयंपाकघरात पोहोचली आहे. गिरणीतील वाफेवर कायद्याचे नियंत्रण आहे. ओट्यावरील वाफेची जबाबदारी मात्र वापरणाऱ्यावरच येते. हा फरक कसा निर्माण झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

यंत्राचा विकास :

वाफेच्या साहाय्याने कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट तुरीन येथील अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये घेतले. मिलान येथील लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एकेक पेला स्वतंत्रपणे काढण्याची पद्धत सिद्ध केली आणि देसिदेरिओ पावोनी यांनी ती व्यापारात आणली. या यंत्रांत बाष्पकातील वाफच पाण्याला कॉफीच्या भुकटीतून ढकलत असे. दाब वाढवायचा तर तापमानही वाढवावे लागे; परिणामी कॉफी करपट होई. ही अडचण आशिले गाज्जा यांनी दूर केली. त्यांनी १९३८ मध्ये पेटंट घेतले आणि पुढील दशकात दट्ट्या व तरफेचे यंत्र बाजारात आणले. १९६१ च्या ‘फाएमा ई-६१’ या यंत्रात तरफेची जागा विजेच्या पंपाने घेतली.

या स्थित्यंतराचा सुरक्षिततेशी निकटचा संबंध आहे. गाज्जा यांच्यानंतर कॉफी काढण्याचा दाब वाफेपासून वेगळा झाला. पंपाच्या यंत्रावरील ‘१५ बार’ हा आकडा पाहून मनात धास्ती निर्माण होते. परंतु दाबलेले पाणी मोकळे होताना फारसे प्रसरण पावत नाही. याउलट, बंद टाकीतील १२० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी अचानक मोकळे झाले, तर त्याचा काही भाग क्षणार्धात वाफेत बदलतो. आणि सामान्य दाबाखाली वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे ते सतराशे पट जागा व्यापते. म्हणजेच धोका बारच्या आकड्यापेक्षा वाफेच्या साठ्यात अधिक असतो.

महाराष्ट्रातील रूप :

मुंबईत १९३६ मध्ये इंडिया कॉफी हाऊस सुरू झाले आणि साखळी उपाहारगृहे १९९६ नंतर देशभर पसरली. तथापि, सामान्य मराठी माणसाच्या मनातील ‘एस्प्रेसो’ म्हणजे लग्नातील फेसाळ कॉफी होय. झटपट कॉफी, साखर व दूध यांत नळीने वाफ सोडून आणि वर कोकोची पूड भुरभुरून ती तयार होते. इटालियन मानकानुसार एस्प्रेसो म्हणजे सुमारे ७ ग्रॅम भुकटीतून ९ बार दाबाने २५ सेकंदांत काढलेली सुमारे २५ मिलिलिटर कॉफी. तीत १०० मिलिलिटर दूध फेसाळून मिसळले की कॅपुचिनो होते. लग्नातील पेय चवीने रुजले असले, तरी त्याचे यंत्र तत्त्वतः १९३८ पूर्वीच्या पिढीतील आहे. झाकण फिरवून बंद करावयाची स्वस्त घरगुती यंत्रेही त्याच पिढीची आहेत.

कायद्याची मर्यादा :

कोलकात्यात १८६३ मध्ये बाष्पकाचा स्फोट होऊन जीवितहानी झाली आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. त्यातूनच पुढे १९२३ चा अखिल भारतीय कायदा आला. त्याची जागा २०२५ च्या बाष्पक अधिनियमाने घेतली. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी या व्यवस्थेबाहेर राहतात. त्यामुळे गिरणीतील बाष्पकाची तपासणी होते, घरातील लहान टाकीची होत नाही. लहान भांड्यांसाठी मानक सक्तीचे करणे अशक्य नाही, हे घरगुती प्रेशर कुकरबाबतच्या २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने दाखवून दिले आहे.

घरगुती वापरातील दक्षता :

कुकरमधील वाफ गेल्याशिवाय झाकण काढू नये, हा मराठी घरातील पाठ येथेही तंतोतंत लागू पडतो. वाफेच्या यंत्रात खुणेपेक्षा अधिक पाणी भरू नये. काम झाल्यावर वीज बंद करून नळीवाटे वाफ पूर्ण सोडावी व यंत्र निवल्यावरच झाकण उघडावे. पंपाच्या यंत्रात कॉफी उतरत असताना गाळणीची मूठ फिरवू नये. भुकटी अतिशय बारीक असून घट्ट दाबली गेल्यास मार्ग तुंबतो आणि आत दाब अडकून राहतो. दूध फेसाळण्यापूर्वी नळीतील साचलेले पाणी बाहेर सोडावे. नंतर नळी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा क्षणभर वाफ सोडावी, म्हणजे आत ओढले गेलेले दूध राहत नाही. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा तीव्र असतो. कारण वाफ त्वचेवर निवताना दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते.

‘झिरा’ हा शब्द जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याचा आहे. अशा भूजलात विरघळलेले क्षार तापल्यावर टाकीत व झडपेत थर धरतात. सुरक्षा झडप तुंबणे हा सर्वांत गंभीर दोष होय. म्हणून कमी क्षारांचे पाणी वापरावे, क्षार नियमितपणे काढावेत, रबरी कडे चिरल्यास बदलावे आणि गळती दिसल्यास वापर थांबवावा.

निष्कर्ष :

एस्प्रेसो यंत्राचा इतिहास हा दाबाला वाफेपासून वेगळे करण्याचा इतिहास आहे. मात्र स्वस्त यंत्रांत हे वेगळेपण अद्याप आलेले नाही आणि कायद्याचे लक्षही तेथवर पोहोचत नाही. कुकरच्या धर्तीवर या यंत्रांनाही मानक सक्तीचे होणे आवश्यक आहे. लग्नमंडपात यंत्रामागे उभा असलेला कामगार आणि त्याभोवती जमणारी मुले यांचा विचार करता ही गरज अधिकच ठळक होते.