भेंडी आणि बोरू

इंग्रजी अंमलापूर्वीच्या महाराष्ट्रात मुलाच्या विद्याभ्यासाचा प्रारंभ पंतोजींच्या ओसरीवर, धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवून होत असे, हे सर्वविदित आहे. परंतु त्या ओसरीवर पावकी-निमकीचा घोष आणि छडीचा धाक ह्यांतच वेळ सरत असल्यामुळे शब्दसंचयाचे खरे कार्य घडे ते दिवेलागणीनंतर, परवचा आटोपल्यावर, माजघरात मांडल्या जाणाऱ्या भेंड्यांतून. एका पक्षाने श्लोक वा आर्या म्हणावी, तिच्या अंत्याक्षराने प्रतिपक्षाने दुसरी आरंभावी, आणि ज्यास ती सुचणार नाही त्याच्यावर भेंडी चढावी, इतकाच ह्या खेळाचा कायदा. ‘ण’ आणि ‘ळ’ ह्यांनी मराठीत शब्दारंभ होत नाही, म्हणून त्यांच्या जागी ‘न’ आणि ‘ल’ घेण्याची मुभा असे. ‘ठ’ला मात्र अशी सवलत नाही, आणि मुरलेला गडी ‘ठ’वर संपणारे चरण ऐन वेळेसाठी राखून ठेवी.

ह्या खेळास अखंड रसद पुरविली ती मोरोपंतांच्या आर्यांनी. पन्हाळ्यास 1729 साली जन्मलेला आणि बारामतीस पुराणिकी करून 1794 साली निवर्तलेला हा कवी स्वतःच अक्षरांशी खेळणारा होता. अष्टोत्तरशत रामायणांतील त्याचे ‘निरोष्ठ रामायण’ पाहावे. ओठ जुळविणारी अक्षरे वर्ज्य! म्हणजे प्रत्यक्ष रामाचे नाव घेण्याची सोय नाही. लक्ष्मण, भरत, मारुती, बिभीषण ही मंडळीही ‘म’कार-‘भ’कारांच्या अपराधाने हद्दपार. अशा वेळी ‘दाशरथी’, ‘जानकीनाथ’, ‘दशानन’ अशा पर्यायांवाचून कथा पुढे सरकतच नाही. रसिकांनी ह्यास शब्दांची कसरत म्हणून नाक मुरडले, आणि काव्य म्हणून त्यांचे म्हणणे अगदीच अनाठायी नाही. पण एका अर्थाला दहा शब्द जिभेवर खेळविण्याची तालीम म्हणून ह्याहून नामी आखाडा मला तरी ठाऊक नाही.

स्त्रियांस पंतोजींची ओसरी वर्ज्यच होती. त्यांनी जात्यावरच्या ओवीत आणि पतीच्या नावाशी यमक जुळविणाऱ्या उखाण्यात आपली शाळा थाटली.

भेंड्यांत तयार झालेला मुलगा पुढे एखाद्या दफ्तरात उमेदवारीस बसला, म्हणजे त्याच्या पुढ्यात मोडीचा खर्डा येई. मोडीत आधी आडवी रेघ ओढून, बोरू शक्य तितका न उचलता, अक्षरे तिला लोंबकळती लिहावयाची. ह्रस्वदीर्घाचा भेद बहुधा नाही, आणि दोन शब्दांमध्ये अंतरही नाही. त्यामुळे शब्द आधीच परिचयाचा असल्याखेरीज तो वाचताच येत नसे, आणि खर्डेवाचन हे निव्वळ वाचन न राहता कूटप्रश्न सोडविणेच होई. त्यानंतर मायन्यांची पाठांतरे: वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, परक्या गृहस्थास ‘राजमान्य राजश्री’, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा, हे विनंती’. मायना चुकला तर मजकूर कितीही बिनचूक असो, पत्र रुसव्याचे कारण होई.

मोडी आज शाळांतून गेली, बोरू गेला, आणि आर्यांची जागा चित्रपटगीतांनी घेतली. पण आगगाडीच्या डब्यात भेंड्या रंगल्या आणि कोणावर ‘ळ’ आला, तर तो अजूनही ‘ल’च मागून घेतो.