कर्णबधिर मुले आणि ख्रिस्ती मिशन : मुंबईच्या पहिल्या शाळेपासून आफ्रिकेपर्यंत

भारतातील कर्णबधिर मुलांच्या औपचारिक शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला आणि तो एका ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याच्या पुढाकाराने झाला. बर्लिन येथे १८२५ मध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू लिओ म्यूरिन हे १८६७ पासून मुंबईतील कॅथलिक धर्मप्रांताचे प्रमुख होते. त्यांच्या प्रेरणेने माझगाव येथे मूकबधिरांसाठी शाळा सुरू झाली. स्थापनेचे वर्ष काही नोंदींत १८८४, तर काहींत १८८५ असे दिलेले आढळते. शाळेची सूत्रे टी. ए. वॉल्श यांच्याकडे सोपविण्यात आली होती. म्यूरिन १८८७ मध्ये मॉरिशसला गेले. शाळा मात्र चालू राहिली. कोलकात्याची शाळा १८९३ मध्ये निघाली, तर तमिळनाडूतील पलयमकोट्टई येथे इंग्लंडच्या झेनाना मिशनच्या फ्लॉरेन्स स्वेनसन यांनी त्याच दशकाच्या अखेरीस आपले काम उभे केले.

अंध मुलांच्या तुलनेत कर्णबधिरांकडे मिशनऱ्यांचे लक्ष कमी गेले, हे येथे नोंदवावे लागेल. अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत १९०० मध्ये अंधांसाठी शाळा काढली. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी आणली. अंध मुलाला बायबल वाचून दाखविता येत होते, भजन शिकविता येत होते. ज्या मुलाने एकही शब्द ऐकलेला नाही, त्याच्यापर्यंत उपदेश पोहोचविण्याआधी भाषाच पोहोचवावी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक व अनेक वर्षांचा धीर लागतो.

छत्तीसगढमध्ये जर्मन इव्हँजेलिकल मिशनचे ऑस्कर लोर १८६८ मध्ये रायपूर परिसरात आले व त्यांनी बिश्रामपूर येथे केंद्र स्थापन केले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातील मिशन केंद्रांत अनाथ मुलांची मोठी भर पडली. या काळातील अनाथाश्रमांचे स्वरूप प्रामुख्याने अन्न, निवारा, शाळा आणि कामधंद्याचे शिक्षण असे होते.

कर्णबधिर मूल आईवडील हयात असतानाही घरात एकाकी पडू शकते, कारण अशा मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या पालकांच्या पोटी जन्मतात. रायपूरच्या ब्राह्मणपारासारख्या जुन्या वस्तीतील एखाद्या मराठी घराचे उदाहरण घेता येईल. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी. ऐकू येणारे मूल या तिन्ही भाषा खेळता खेळता उचलते. कर्णबधिर मुलासाठी तिन्ही दारे बंद असतात आणि कोणत्या भाषेतील ओठ वाचायला शिकवावे, हाच पालकांपुढील पहिला प्रश्न ठरतो.

या प्रश्नावर जगभरातील शिक्षकांचे दोन पक्ष होते. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात धर्मगुरू शार्ल-मिशेल द लेपे यांनी मुलांच्या खुणांनाच शिक्षणाचे माध्यम बनविले. याउलट १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणा बाजूला सारून केवळ मौखिक पद्धती स्वीकारण्याचा ठराव मोठ्या बहुमताने केला. या परिषदेचे अध्यक्ष ज्युलिओ तार्रा हेही कॅथलिक धर्मगुरूच होते. म्हणजे एकाच चर्चच्या दोन धर्मगुरूंनी, शतकाच्या अंतराने, एकमेकांच्या नेमके विरुद्ध मार्ग दाखविले. मतदान करणारे जवळजवळ सर्व सदस्य ऐकू येणारे होते. माझगावची शाळा या ठरावानंतर चार-पाच वर्षांनी निघाली. मिलान ठरावाबद्दल आंतरराष्ट्रीय परिषदेने औपचारिक खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकूव्हर येथे.

परदेशात गेलेल्या मिशनऱ्यांपैकी अँड्र्यू फॉस्टर यांचे उदाहरण वेगळे आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९२५ मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलाची श्रवणशक्ती अकराव्या वर्षी मेंदूज्वराने गेली. कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट महाविद्यालयाची पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत (१९५४). १९५६ मध्ये त्यांनी मिशन स्थापन केले आणि १९५७ मध्ये घानामधील आक्रा येथे पहिली शाळा उघडली. पुढील तीन दशकांत १३ आफ्रिकी देशांत मिळून ३० हून अधिक शाळा उभ्या राहिल्या. डिसेंबर १९८७ मध्ये रवांडात झालेल्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. शिक्षक स्वतः कर्णबधिर असल्याने मुलांना मोठेपणीचे आपले रूप समोर दिसत होते. मात्र या शाळांतून अमेरिकन सांकेतिक भाषा रुजली आणि काही ठिकाणच्या स्थानिक खुणा मागे पडल्या, असा आक्षेप भाषाशास्त्रज्ञ घेतात. तो बिनबुडाचा नाही.

याहून गंभीर बाब निवासी संस्थांमधील मुलांच्या सुरक्षिततेची आहे. अर्जेंटिनातील मेंडोझा येथील न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये अंतोनिओ प्रोवोलो संस्थेतील दोन धर्मगुरूंना कर्णबधिर मुलांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल ४० वर्षांहून अधिक काळाच्या कारावासाची शिक्षा सुनावली. बाहेरच्या कोणालाही समजेल अशी भाषा हाती नसलेले मूल तक्रार नोंदवू शकत नाही. दुभाषा उपलब्ध असणे ही तेथे केवळ सोय राहत नाही, तर मुलाचे संरक्षण ठरते.

भारतात अनाथ व निराधार मुलांच्या प्रत्येक संस्थेची, ती सरकारी असो वा धर्मादाय, बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार नोंदणी बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने सांकेतिक भाषेतील शिक्षणाला कायद्याचे पाठबळ दिले. मुंबईतील वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा ३ हजार शब्दांचा पहिला कोश २०१८ मध्ये आला आणि २०२१ पर्यंत ही संख्या १० हजारांवर गेली. मराठी, हिंदी वा छत्तीसगढी घरांतून आलेल्या मुलांना एकाच वर्गात शिकविता यावे, यासाठी या कोशाचा उपयोग होतो.